खांबावरचा नायक

प्रेमकथेतला नायक आपण नाना परींनी पाहिला आहे. पावसात भिजणारा, बागेत गाणारा, सुटत्या आगगाडीच्या दारातून हात पुढे करणारा. कमरेला अवजारांचा पट्टा आवळून, डोक्यावर हेल्मेट चढवून, रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबाशी झटणारा नायक मात्र विरळा. ‘क्लॅनाड’ या जपानी चित्रमालिकेच्या ‘आफ्टर स्टोरी’ या दुसऱ्या पर्वातला तोमोया ओकाझाकी शाळा संपल्यावर वायरमन होतो, आणि तो पहिल्यांदा कामावर रुजू होतो तिथून या मालिकेची खरी गोडी सुरू होते, असं मला मनापासून वाटतं. तोवर आपण एका शाळकरी प्रेमाचे साक्षीदार असतो. आता आपण एका संसाराच्या पायाभरणीला येऊन उभे राहतो.

त्या पहिल्या दिवसांचं चित्रण पाहावं. दिवसभर शिडी, तारा, पक्कड, पाना. संध्याकाळी ठणकणारं अंग घेऊन भाड्याच्या छोट्या खोलीत परतणं. आणि तिथे शाळेच्या गणवेशातच स्वयंपाकाला लागलेली त्याची प्रेयसी नागिसा. तोमोयाचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही, हे आपल्याला पहिल्या पर्वापासून ठाऊक आहे. बापाशी झालेल्या झटापटीत खांदा दुखावला, बास्केटबॉल सुटला, आणि एक हुशार खेळाडू शाळेत उशिरा येणारा, कुणाशी धड न बोलणारा मुलगा होऊन बसला. पहिल्या पर्वात ही दुखापत त्याच्या रुसव्याचं मूळ म्हणून येते. दुसऱ्या पर्वात पटकथाकार फुमिहिको शिमो आणि दिग्दर्शक तात्सुया इशिहारा तिचा उच्चारही फारसा करत नाहीत. पण ज्याचा हात वर जात नाही त्याला हात सतत वर ठेवावा लागणारं काम मिळालं आहे, ही गोष्ट आपल्या नजरेतून सुटत नाही. जुनी जखम आता तक्रारीचा विषय उरलेली नाही, ती रोजच्या कामाचा भाग झाली आहे. मोठं होणं म्हणजे काय, हे चित्रातून दाखवायचं तर याहून नेमका मार्ग क्वचितच सापडेल.

त्याला काम शिकवणारा योशिनो हा माणूसही सावकाश न्याहाळण्याजोगा आहे. तो एके काळचा गाजलेला गायक. कीर्ती, मैफली, चाहते हे सगळं मागे टाकून तो या गावात येऊन दिव्यांचं काम करतो आहे, आणि त्या कामाबद्दल त्याच्या वागण्यात जी निष्ठा आहे ती गाण्याबद्दलच्या निष्ठेहून तसूभरही उणी नाही. शाळेच्या उत्सवाला येईन, असं वचन नागिसाला दिलेलं असताना तोमोयाला त्या दिवशी कामावर राहावं लागतं, तो प्रसंग बघा. केलेल्या कामात आपल्या हातून ढिलाई राहिली असेल, या शंकेनं तो व्याकुळ होतो. दिलेलं वचन एकीकडे, खांबावरचा एक पेच दुसरीकडे! प्रियकराच्या मनातलं द्वंद्व रंगवायला कवींनी स्वर्ग आणि पृथ्वी पणाला लावली. इथे ते एका पेचावर तोललेलं आहे, आणि तरीही त्यात लवमात्र हलकेपणा येत नाही.

नाशिक रोडला राहणाऱ्या माणसाला हे सगळं फार ओळखीचं वाटतं. आमच्या क्षितिजावर एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या उभ्या आहेत. १९२५ सालापासूनची सिक्युरिटी प्रेस आणि तिच्यानंतर आलेली नोटांची प्रेस यांच्या पाळ्यांवर इथल्या कैक घरांची जेवणाची वेळ ठरली आहे. आणि पहाटे आवरून सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसनं मुंबईला कामावर जाणारी, रात्री त्याच गाडीनं परतणारी माणसं या गावानं पिढ्यान्‌पिढ्या पाहिली आहेत. प्रेम, लग्न, पहिलं मूल हे सगळं इथे पाळीच्या वेळापत्रकातून वाट काढत येतं. म्हणूनच पहिल्या पगारानं प्रेमाला येणारं बळ आणि जादा कामाच्या तासांनी त्यावर पडणारी सावली, या दोन्ही गोष्टी ही मालिका ज्या बारकाईनं टिपते, त्याला सिन्नर फाट्यापासून दत्तमंदिरापर्यंत कुठल्याही घरातून मनापासून दाद मिळावी.

मालिकेचा जन्म थोडक्यात सांगून टाकतो. २००४ साली ‘की’ या जपानी संस्थेनं संगणकावर वाचत-खेळत जाण्याची एक दीर्घ कथा प्रसिद्ध केली. तिच्या लेखनाचा मोठा भार जून माएदा यांनी उचलला होता. क्योतो ॲनिमेशन या स्टुडिओनं तिच्यावर दोन पर्वं रचली. पहिलं २००७ च्या ऑक्टोबरात सुरू झालं, दुसरं बरोबर वर्षानं, आणि ते २००९ च्या मार्चमध्ये संपलं. पहिल्या पर्वाला कथानकाचे बावीस भाग खर्चून कुठे पोहोचायचं आहे, तर ‘मला तू आवडतेस’ एवढ्या कबुलीपर्यंत. दुसऱ्या पर्वाला तेवढ्याच भागांत नोकरी, लग्न, बाळंतपण, मरण, बापपण आणि पुन्हा मरण एवढा पल्ला गाठायचा आहे. पहिलं विलंबित, दुसरं द्रुत. पण राग एकच, आणि आधीच्या आलापीत सूर नीट भरून घेतले नसतील तर पुढच्या तानांचा अर्थ लागत नाही. पहिलं पर्व वगळून दुसऱ्याला हात घालणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे, की तसं करू नये.

इथे मला भवभूती आठवतो, आणि तो आठवण्याला नाशिकचं कारणही आहे. आठव्या शतकाच्या सुमाराला, विदर्भातल्या म्हणवल्या जाणाऱ्या या कवीनं रामावर दोन नाटकं लिहिली. ‘महावीरचरिता’त तरुण रामाचा पराक्रम आहे, ‘उत्तररामचरिता’त राज्याभिषेकानंतरचा, प्रौढ, संसारी राम आहे. आपल्या परंपरेतलं प्रेमकथेचं सर्वांत उत्कट उत्तरपर्व ते हेच. त्याचा पहिला अंक चित्रदर्शनाचा: भिंतीवर रंगवलेली स्वतःच्याच आयुष्याची चित्रं राम, सीता आणि लक्ष्मण पाहत फिरतात, जुन्या सुखदुःखांना पुन्हा स्पर्श करतात, आणि गर्भभारानं थकलेली सीता रामाच्या बाहूवर डोकं ठेवून निजते. दाराशी येऊन ठेपलेलं अरिष्ट तिला ठाऊक नसतं. आपल्याला असतं. ‘आफ्टर स्टोरी’च्या चौदाव्या-पंधराव्या भागांत, गरोदर नागिसा त्या लहानशा खोलीत येणाऱ्या बाळाचा विचार करत बसलेली असते तेव्हा पडद्यावरच्या मंद उजेडात तीच कालवाकालव भरून असते. चित्रं पाहता पाहता पुढचं दुःख कळत जाणं, हा रस आपल्या लोकांना हजार-बाराशे वर्षांपासून परिचित आहे.

अवांतर म्हणून एक सांगतो. जपानी चित्रकारांची कुंचली आमच्या पंचवटीलाही लागून गेली आहे. युगो साको आणि आपले राम मोहन यांनी गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात रामायणाचा चित्रपट केला, त्यात दंडकारण्य त्यांनी केवढ्या मायेनं रंगवलं आहे! ज्यांनी तो लहानपणी पाहिला त्यांना जपानी चित्रांतला उजेड परका वाटण्याचं काही कारण नाही.

आता नागिसाकडे वळू. आजारपणामुळे एक वर्ष मागे पडलेली ही मुलगी शाळेच्या चढणीच्या पायथ्याशी थबकते आणि स्वतःला धीर देण्यासाठी आवडत्या खाऊचं नाव पुटपुटते. गोड भरलेल्या पावाचं. पाववाल्याची मुलगी ती, देवाचं नाव घ्यावं तसं पावाचं नाव घेते. या पहिल्याच क्षणात तिचं सारं शील एकवटलं आहे. तिला मोठं असं काही नको आहे. चढण चढायला पुरेल एवढं निमित्त हवं आहे. दुसऱ्या पर्वात तिचं आणखी एक वर्ष आजारपणात जातं, वर्गातले सगळे पुढे निघून जातात, तोमोया कमावता होतो, आणि ती त्याच गणवेशात मागे उरते. त्या वर्षाचं चित्रण किती संयमानं केलं आहे! वर्गात ओळखीचं कुणी नाही, पहिल्या पर्वात तिनं उभं केलेलं शाळेचं नाट्यमंडळ उरलेलं नाही. ती तक्रार करत नाही, आणि दिग्दर्शकही तिच्या वतीनं करत नाही. पुढे शाळेचा निरोपसमारंभही तिला आजारामुळे गाठता येत नाही. मग जुने मित्र-मैत्रिणी गोळा होतात, आपापल्या मार्गाला लागलेली ही मंडळी पुन्हा गणवेश चढवतात, आणि शाळेतच तिच्या एकटीसाठी समारंभ होतो. मोठ्या झालेल्या माणसांनी कुणा एकीसाठी काही तासांपुरतं परत लहान व्हावं, यात जी मैत्रीची कळा आहे ती शब्दांत सांगू जाता उणी होते. गणवेश तोच, आता तो प्रेमानं घातला आहे.

लग्नाच्या मागणीचा प्रसंगही असाच अनपेक्षित जागी येतो. तोमोयाला चांगल्या नोकरीची संधी चालून आलेली असते. तेवढ्यात त्याच्या बापाला अटक होते आणि ती संधी हातची जाते. बापाला भेटून बाहेर आल्यावर तो संतापानं मूठ आपटत सुटतो, हात रक्तबंबाळ होतो, हे गाव सोडून जाऊ म्हणतो. नागिसा त्याला आवरते, पळून जाऊ नये असं सांगते. आणि त्याच श्वासात, तशाच रक्ताळल्या हातानं, तो तिला लग्नाची मागणी घालतो. चंद्र नाही, फुलं नाहीत, पार्श्वभूमीला आहे तो अपमान. तरीही या मालिकेतला शृंगार मला इथेच सर्वांत शुद्ध वाटतो, कारण इथे देण्यासारखं त्याच्याजवळ काहीच उरलेलं नाही आणि तरी ती होकार देते.

त्यानंतर मुलीच्या बापाची परवानगी. आकिओ हा नागिसाचा बाप म्हणजे मालिकेतलं खळाळतं पाणी. बायकोनं, सानाएनं, केलेले चित्रविचित्र पाव कुणी विकत घेत नाही, असं हा बोलून बसतो. ती रडत रस्त्यानं धावते. आणि हा तेच पाव तोंडात कोंबून, मला ते फार आवडतात असं ओरडत तिच्यामागे धावतो. पहिल्या पर्वात हा प्रसंग इतक्यांदा येतो की आपण तो येण्याची वाट पाहू लागतो. हसता हसता आपल्याला उशिरा उमगतं, की या दोघांनी मुलीच्या आजारपणापायी आपापली स्वप्नं बाजूला ठेवली आहेत. तो नट होणार होता. ती शिक्षिका होती. एकदा तापानं फणफणलेल्या लहानग्या नागिसाला घरी एकटी टाकून दोघं कामावर गेली, ती बाहेर येऊन बर्फात वाट पाहत उभी राहिली आणि मरणाच्या दारातून परत आली; त्या दिवसापासून दोघांनी घराला लागून पावाचं दुकान थाटलं. तर हा आकिओ जावई होऊ पाहणाऱ्या पोराला सांगतो, की आधी माझा चेंडू टोलव. दुखावलेल्या खांद्यानं तोमोया दिवसामागून दिवस बॅट फिरवत राहतो. वीज-खांबाच्या कामानं त्याला जे शिकवलं, ते इथे त्याच्या उपयोगी पडतं: हात वर जात नसेल, तर जाईल तिथून फटका मारायचा. चेंडू एकदाचा उडतो, आणि त्याच दमात तो मुलगी मागतो. स्वयंवराचा पण आपल्याला नवा नाही. पाववाल्याच्या दुकानासमोरच्या मोकळ्या जागेत तो लावलेला पाहून मात्र डोळे निवतात.

आणि मग सोळावा भाग. त्याच्याविषयी मी थोडंच लिहिणार आहे. बाहेर बर्फ, रस्ते बंद, घरात बाळंतपण. मुलगी जन्मते, आणि तिला जवळ घेतलेली नागिसा मावळते. चित्रकारांनी इथे रंग हळूहळू काढून घेतले आहेत, आणि पांढरा रंग, जो एरवी आपल्याला शुचितेचा वाटतो, तो शोकाचा होतो. तोमोयाच्या मनात एकच विचार घोंगावतो: त्या चढणीवर मी तिला हाक मारली नसती तर, आमची गाठच पडली नसती तर ती वाचली असती का? हा प्रश्न लक्षात ठेवावा. मालिकेचा शेवट त्यावर उभा आहे.

पुढचा भाग उघडतो तेव्हा पाच वर्षं उलटलेली असतात. केवढं धाडस आहे या उडीत! दुःखाची वर्षं दाखवत बसण्याऐवजी दिग्दर्शकानं त्यांनी माणसाचं काय केलं तेवढंच दाखवलं. तोमोया कामात स्वतःला गाडून घेतो, उरलेला वेळ धूर आणि दारूत, जुगाराच्या यंत्रापुढे घालवतो. मुलगी, उशिओ, आजी-आजोबांकडे वाढते आहे. आणि आपल्या ध्यानात येतं, की या खोलीत बसलेला माणूस आपण पूर्वी पाहिला आहे. पहिल्या पर्वात पसाऱ्यात लवंडलेला, मुलाकडे परक्यासारखा पाहणारा तोमोयाचा बाप, नाओयुकी, असाच बसायचा. ज्या बापाचा तिरस्कार करत हा मोठा झाला, त्याच्याच मुद्रेत तो येऊन बसला आहे. कुणी पात्र हे बोलून दाखवत नाही. खोलीची मांडणीच ते सांगून टाकते.

सानाए एक प्रेमळ डाव रचते. सगळे मिळून सहलीला जाऊ म्हणते, आणि ऐन दिवशी ती आणि आकिओ घरातून नाहीसे होतात. बाप-लेक दोघंच उरतात. अनोळखी अशा दोन सहप्रवाशांचा हा आगगाडीचा प्रवास. उशिओचं वय पाच; बापाशी कसं बोलावं हे तिला कळत नाही, बापाला तर त्याहून नाही. वाटेत तो तिला एक खेळण्यातला यंत्रमानव घेऊन देतो. काही लागलं, मन दुखावलं, की ती रडत नाही, उठून शौचालयात जाते. त्याचं कारण आपल्याला नंतर समजतं: रडावं ते तिथे किंवा बाबांच्या कुशीत, असं आजीनं सांगितलेलं, आणि कूस अजून तिच्या वाट्याला आलेली नाही. उशिओला आवाज दिला आहे सातोमी कोओरोगी यांनी. आपल्या घराघरांत पोहोचलेल्या शिनचॅनच्या धाकट्या बहिणीचा, हिमावरीचा, मूळ जपानी आवाजही त्यांचाच. बालकाच्या स्वरातला तो किंचित अडखळणारा उच्चार, वाक्य संपण्याआधी घेतलेला छोटासा श्वास, हे ऐकण्यासाठी तरी मालिका मूळ जपानीतच पाहावी.

मग ते फुलांचं रान. उशिओचा यंत्रमानव तिथे हरवतो. दुसरा घेऊ, असं बाप म्हणतो, पण ती शोधतच राहते. तोमोया पुढे चालत जातो, तर समुद्रावर झुकलेल्या टेकाडाशी एक म्हातारी उभी आहे: नाओयुकीची आई, शिनो. ती त्याला त्याच्या बापाच्या तारुण्याची गोष्ट सांगते. बायको अपघातात गेली तेव्हा नाओयुकीही जेमतेम तरुणच होता; कडेवर मूल, हाताला मिळेल ते काम, स्वतःचं सगळं मोडून त्या मुलासाठी खाऊ आणि खेळणी. याच जागी तो एकदा चिमुकल्या तोमोयाचा हात धरून चालला होता. इथे पडद्यावर दोन काळ एकमेकांत मिसळतात: त्याच वाटेवर तेव्हाचा बाप आणि तेव्हाचा मुलगा पाठमोरे जाताना दिसतात, आणि तोमोया आता कुणाच्या जागी उभा आहे, हे त्याला आणि आपल्याला एकाच क्षणी कळतं.

तो परततो तर उशिओ अजून फुलांत शोधतेच आहे. का, असं विचारल्यावर तिचं उत्तर इतकं साधं आहे की ते ऐकून छातीत कळ येते: ते बाबांनी निवडून घेतलेलं पहिलं खेळणं आहे, तसं दुसरं मिळणार नाही. मग तो तिला जवळ घेतो आणि ती रडते. आपल्या काव्यशास्त्रात वात्सल्याला स्वतंत्र रस मानावं की नाही यावर पुष्कळ चर्चा झाली आहे. या एका प्रसंगापुढे ती मिटावी. परतीच्या गाडीत तो लेकीला तिच्या आईविषयी सांगू लागतो, शब्द अडतात, आणि पाच वर्षं कोंडलेलं पाणी वाहू लागतं. खिडकीबाहेर मावळतीचा उजेड, आत बाप-लेक, आणि पार्श्वसंगीतात त्या ‘दांगो’च्या, तांदळाच्या पिठाच्या गोळ्यांच्या मोठ्या कुटुंबाच्या, बालगीताची चाल, जी पहिल्या पर्वातल्या भागांच्या अखेरीस येणारं गाणं म्हणून आपल्या कानांत आधीच मुरलेली आहे. ‘उत्तररामचरिता’च्या तिसऱ्या अंकात राम बारा वर्षांनी आमच्या या पंचवटीच्या परिसरात परततो. सीतेनं वाढवलेला हत्तीचा छावा आता मोठा झाला आहे, तिनं नाचवलेला मोर आहे, आणि गंगेच्या वरानं अदृश्य झालेली सीता शेजारीच उभी आहे. राम मूर्च्छित पडतो तेव्हा तिच्या स्पर्शानं तो सावध होतो. नाशिक रोड स्थानकावरून दहा-एक किलोमीटरवर ती भूमी आहे. करुण हाच एक मूळ रस, बाकीचे त्याचीच रूपं, असं भवभूतीनं सांगून ठेवलं ते याच अंकात. आगगाडीच्या त्या डब्यात, नागिसा कुठेही दिसत नसताना ती सर्वत्र आहे, हे जाणवतं तेव्हा या कवीची दृष्टी किती दूरवर पोहोचते याचं नवल वाटतं.

एकोणिसाव्या भागाचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाववत नाही, कारण माझ्या लेखी तो या मालिकेचा मुकुटमणी आहे. फुलांच्या रानाची कीर्ती फार, या भागाची कमी. तोमोया बापाच्या घरी जातो. थकलेल्या, विसरत चाललेल्या नाओयुकीला तो म्हणतो, की आता गावी जा, आई वाट पाहते आहे, तुम्ही तुमच्या वाट्याचं केलंत. मी सगळं नीट निभावलं का, अशा अर्थाचं काहीसं म्हातारा विचारतो. मुलगा हो म्हणतो. ते ‘हो’ खरं आहे की दयेचं, हे विचारण्यात अर्थ नाही. ते कमावलेलं आहे. पहिल्या पर्वात त्याच दारातून हा मुलगा तावातावानं बाहेर पडला होता.

ज्या हातांनी ही चित्रं काढली त्यांच्याविषयी एक गोष्ट बोलावीच लागते. १८ जुलै २०१९ रोजी क्योतो ॲनिमेशनच्या इमारतीला आग लावण्यात आली आणि तिथल्या ३६ कर्मचाऱ्यांचे प्राण गेले. चित्रमालिका पाहताना आपण पात्रांवर जीव लावतो. एका सेकंदाच्या हालचालीसाठी तासन्‌तास वाकून बसणारी माणसं आपल्याला दिसत नाहीत. खांबावरच्या वायरमनची ही कथा रंगवणारेही त्याच्यासारखेच, नाव पडद्यावर क्षणभर झळकून जाणारे कामकरी होते.

शेवटाविषयी रसिकांत दोन तट आहेत. उशिओलाही आईचाच आजार जडतो, आणि बर्फ पडत असताना, सहलीला जाऊ या असा हट्ट धरून घराबाहेर पडलेली ती मुलगी बापाच्या हातांत जाते. त्यानंतर बाविसाव्या भागात काळ मागे फिरतो, तोमोया पुन्हा चढणीवर उभा राहतो, आणि सगळं बदलतं, नागिसा वाचते. पुष्कळांना हे हातचलाखीचं वाटतं. मला वाटत नाही, आणि त्याची दोन कारणं आहेत. पहिलं कारण त्या चढणीवरच्या क्षणाचं. नागिसा पाठमोरी वर चालली आहे. आता तोमोयाला ठाऊक आहे, की हिला हाक मारली तर पुढे काय काय सोसावं लागणार. न मारली तर कदाचित ती सुखात राहील. तो थबकतो, आणि मग धावत जाऊन तिला हाक मारतो. सगळं दुःख ठाऊक असताना पुन्हा तीच भेट निवडणं, हे वरदान मिळण्याच्या आधीचं आहे. वरदान त्या निवडीच्या मागून येतं.

दुसरं कारण मालिकेच्या विणीत आहे. दोन्ही पर्वांत अधूनमधून एक ओसाड, हिमाच्छादित जग दिसत राहतं. तिथे एक मुलगी भंगारातून एक यंत्रमानव जोडते आणि तो चालू लागतो. (आमच्या नाशकात दादासाहेब फाळक्यांनी १९१५ साली साध्या आगकाड्यांना पडद्यावर चालायला लावलं होतं, निर्जीवाला चाल देण्याचा तो आदिम आनंद या दृश्यांत मला पुन्हा भेटतो.) नागिसानं शाळेच्या उत्सवात सादर केलेलं नाटक याच जगाचं होतं. ‘उत्तररामचरिता’च्या सातव्या अंकातही वाल्मीकींनी रचलेलं नाटक रामापुढे होतं, नाटकाच्या आतलं नाटक, आणि त्यातूनच खरी सीता बाहेर येते. रामायणातली सीता पृथ्वीच्या पोटात जाते. भवभूतीनं ती परत आणली. त्याला कुणी हातचलाखी म्हटलेलं नाही.

आणि तरीही दोन्ही शेवटांत एक मोठा फरक आहे, तो मला पुन्हा पुन्हा विचारात पाडतो. तोमोयाच्या गावात एक दंतकथा आहे: कुणाच्या आयुष्यात सुखाचा क्षण आला, की प्रकाशाचा एक बिंदू प्रकटतो, आणि तो इच्छा पुरी करू शकतो. शेवटी सगळ्या गावावरून असे बिंदू वर तरंगू लागतात. दुसऱ्या पर्वाचे पहिले आठ भाग नायक-नायिकेला सोडून इतरांत रमतात, म्हणून कंटाळणारे प्रेक्षक मला भेटले आहेत. उन्हाळ्याच्या अखेरचा बेसबॉलचा सामना, तोमोयाचा मित्र सुनोहारा आणि त्याच्या धाकट्या बहिणीची भांडणं, वसतिगृह सांभाळणारी मिसाए आणि तिचं मांजर. आणि त्याआधी, पहिल्या पर्वात, बहिणीच्या लग्नासाठी लाकडाचे तारामासे कोरून वाटणारी फूको. हे सगळे तेव्हा आडवळणाचे वाटलेले प्रसंग शेवटी कामी येतात. त्या शेजाऱ्यापाजाऱ्यांसाठी तोमोयानं आणि नागिसानं जे केलं, त्यांची जी सुखं झाली, त्यांचाच हा उजेड आहे. अयोध्येत नगरजनांच्या कुजबुजीनं राम-सीतेची ताटातूट झाली, आणि त्यांना मिळवायला गंगा, पृथ्वी आणि अरुंधती यांना लोकांपुढे सीतेची ग्वाही द्यावी लागली. तेव्हा कुठे प्रजेनं मान झुकवली. इथे मोडतं कुणामुळेच नाही, आणि जोडतं ते गाव. त्या गावातल्या कुणालाही आपण काय दिलं याचा पत्ता नाही. ते दुसऱ्या दिवशी नेहमीसारखे आकिओच्या दुकानात पाव घ्यायला जातात, आणि सानाएनं केलेला नवा प्रकार पाहून, नेहमीसारखेच, दुसरा मागतात.